सायकलींची सहल आणि सोबतीची रीत

सायकल चालवता येत नाही असा मनुष्य आपल्या खेड्यापाड्यांत शोधूनच काढावा लागेल. दळण आणायला, दूध घालायला, शेतावर डबा पोचवायला, तालुक्याच्या शाळेत जायला, सायकल सगळीकडे हजर असते. तेव्हा सायकल चालवायला शिका, असे सांगण्याचा माझा विचार नाही. मला बोलायचे आहे ते दहा-वीस जणांनी मिळून, केवळ हौसेने, एखाद्या रविवारी सकाळी काढलेल्या सायकल-सहलीविषयी. एकट्याने सायकल चालविणे आणि घोळक्यात सायकल चालविणे या दोन निराळ्या विद्या आहेत. एकटे असाल तर तुम्ही आपल्या मर्जीचे धनी. वाटेल तेथे थांबा, वाटेल तेव्हा वळा. घोळक्यात शिरलात की तुमच्या चाकातली हवा, तुमचा ब्रेक, तुमचा दम आणि तुमचे लक्ष या चारही गोष्टींवर दुसऱ्यांचा हक्क लागतो. तुमची ट्यूब गेली तर वीस माणसे उन्हात उभी राहतात. तुम्ही न सांगता ब्रेक दाबला तर मागचा पडतो. एवढे ध्यानात आले की बाकीची रीत समजायला फारसा वेळ लागत नाही.

मी नागपूरला मनीषनगरात राहतो. वर्धा मार्गाच्या अंगाला, सोमलवाड्याजवळची ही वस्ती. मधून रेल्वेचे रूळ गेलेले. फाटक पडले की पूर्वी माणसे, स्कूटरी, भाजीच्या गाड्या सगळ्यांना एकाच रांगेत ताटकळत उभे राहावे लागे. २०२० साली येथला पूल खुला झाला आणि ती खोळंबा-खोळंबी पुष्कळ कमी झाली. पण रस्ता मोकळा झाला म्हणजे गाड्यांचा वेगही वाढतो, हे सायकलवाल्याने विसरून चालत नाही. म्हणूनच रविवारी पहाटे, गावाला जाग येण्याच्या आत, आमच्या भागातून सायकली बाहेर पडतात. कधी बेसा-बेलतरोडीकडच्या गावांतून एक फेरी, कधी खापरीवरून जामठ्याच्या क्रिकेट मैदानापर्यंत. जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर. त्यांत कॉलेजची पोरे असतात, बँकेतले कारकून असतात, दवाखान्यातल्या परिचारिका असतात आणि साठी उलटलेले रेल्वेचे पेन्शनरही असतात. असे मेळे आता तालुक्याच्या गावींही जमू लागले आहेत.

पहिल्याने एक गोष्ट नीट विचारून घ्या, ही की, ज्या सहलीला आपण निघालो ती कोणत्या जातीची आहे? सायकलवाल्यांत शर्यतीचे लोक असतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ करून अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडण्याची शर्यत पुरी केली. आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१७ मध्ये एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार पाडली. दुसरी एक जात आहे, तिला 'ब्रेव्हे' म्हणतात. तीत कोणाशी स्पर्धा नसते, पण घड्याळाशी असते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, असे हिशेब तेथे चालतात. ही सारी माणसे कौतुकाची खरी, पण पहिल्यांदा सहलीला निघालेल्याने चुकून त्यांच्या ताफ्यात शिरू नये. आपल्याला हवी आहे ती तिसरी जात, म्हणजे गप्पा मारता येतील अशा चालीने जाणारी आणि बरोबर निघालेल्या सर्वांना बरोबर परत आणणारी. म्हणून बोलावणारा म्हणाला, "या भाऊ, छोटीशीच राइड आहे," तर लगेच मान हलवू नका. किती किलोमीटर, ताशी किती वेगाने, मध्ये किती थांबे, आणि मागे पडलेल्यासाठी थांबतात की नाही, हे चार प्रश्न विचारा. चौथ्याचे उत्तर सरळ मिळाले नाही तर दुसरी सहल पाहा.

अशी सोबतीची सायकल-यात्रा आपल्या विदर्भाला नवी नाही. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, ती सायकलींवरूनच. ११६ तरुण-तरुणी, आणि वाट ५,०४२ किलोमीटरची. बाबांच्या पाठीच्या कण्याला इतका त्रास होता की त्यांना बसता येत नसे. ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. पुढे १९८८ मध्ये त्यांनी दुसरी यात्रा काढली, अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. देश जोडण्याची भावना तर त्यामागे होतीच. पण सायकलवाल्याच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. शंभराहून अधिक माणसे महिनोन्‌महिने एकाच वाटेने चालवायची म्हणजे सर्वांत सशक्ताची चाल धरून भागत नाही. याच्याही आधी, १९२३ साली, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. निघाले सहा, परतले तिघे. जगाच्या प्रदक्षिणेत हे चालायचेच. आपल्या जामठ्याच्या सहलीत मात्र वीस निघाले तर वीसच परतले पाहिजेत.

आता तयारीकडे वळू. त्यासाठी नवी सायकल घेण्याची गरज नाही. आजकाल लाखाच्या घरातल्या सायकली रस्त्यावर दिसतात आणि त्या पाहून आपली काळी, अठरा-वीस किलोची जड सायकल बाहेर काढायला माणूस शरमतो. शरमण्याचे काही कारण नाही. सपाट रस्त्यावर गप्पांच्या चालीने ही सायकल वीस-पंचवीस किलोमीटर खुशाल जाते. मला तर उलट वाटते की अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे आणि चकचकीत यंत्र यांनी ज्या हौशी माणसांना भेवडावले आहे, त्यांची संख्या चढांनी आणि उन्हांनी भेवडावलेल्यांपेक्षा मोठी असेल. सायकल जुनी असली तरी चालेल, दुरुस्त मात्र हवी.

दुरुस्त आहे हे कसे ओळखावे? पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडलला हिसका द्या. चाक जागीच राहून हँडल फिरले तर नट सैल आहे. मग चाक उचलून मोकळे फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. रिम डावी-उजवीकडे लचकत असेल, म्हणजे कारागीर ज्याला 'आउट' म्हणतात तसे असेल, तर आरे ओढून घ्यावे लागतील. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक अडले पाहिजे. गावाकडे पुष्कळांच्या सायकलीला एकच ब्रेक लागतो आणि दुसरा शोभेला असतो. एकट्याने ते खपून जाते, घोळक्यात नाही. थांबताना शरीराचा भार पुढे येतो, त्यामुळे पुढचा ब्रेक अधिक जोराने सायकल अडवतो. पण तो एकटाच कचकन दाबला, विशेषतः रेतीवर, तर चाक सटकते. दोन्ही मिळून आणि हळूहळू दाबावेत. चेनला तेल द्या, पण थेंबा-थेंबाने, आणि वरचे फडक्याने पुसून घ्या, कारण ओली चेन धूळ ओढते. आपल्याकडे घरातले खोबरेल घालण्याची चाल आहे. थंडीत खोबरेल थिजते. नागपूरच्या डिसेंबरात बाटलीत काय होते ते आपण पाहतोच, तेच चेनमध्ये होते. शिवणयंत्राचे तेल त्यापेक्षा बरे. हवा किती भरावी हे टायरच्या कडेवर आकड्यांत छापलेले असते. पंपाला काटा नसेल तर अंगठ्याने दाबून पाहावे, जेमतेम दबले पाहिजे. आणि ही तपासणी आदल्या दिवशी दुपारी करावी, रात्री नव्हे. रात्री दोष सापडला तर दुकान बंद असते.

सीटच्या उंचीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण गुडघेदुखीची निम्मी तक्रार तेथून येते. सायकलवर बसा, कोणीतरी धरावे, आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना आपण टाचेऐवजी चवडा ठेवतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप थोडासा बाक राहतो. तेवढाच बाक हवा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. त्याने धीर येतो, पण दहा किलोमीटरनंतर मांड्या भरून येतात.

विदर्भात पंक्चरचे प्रमुख कारण म्हणजे बाभूळ. कडेची बाभूळ छाटली की काटे रस्त्यावर येतात, आणि चाक डावीकडच्या कडेनेच जात असते. म्हणून प्रत्येकाजवळ आपल्या मापाची एक जादा ट्यूब असावी. "कोणाजवळ तरी असेल" या भरवशावर राहू नका, कारण वीस जणांत चार मापांच्या ट्यूबा निघतात आणि नेमकी तुमचीच नसते. टायर काढायच्या दोन पट्ट्या, पाना आणि लहान पंप मात्र चार-पाच जणांत मिळून एक पुरे. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवा. फडके जेथे अडकेल तेथे काटा आहे. तो न काढता ट्यूब घालणारे लोक अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा उतरलेले मी पाहिले आहेत. ठिगळ लावायचे असेल तर जागा कानशीने खरवडा, सोल्यूशन पातळ पसरा आणि हाताला चिकट न लागेपर्यंत थांबा. घाई करून ओल्यावरच ठिगळ दाबले तर सोल्यूशनमधला उडून जाणारा भाग आत कोंडतो आणि ठिगळ सुटते. शाळेत हे एकदा करून दाखविण्याजोगे आहे. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधायला मुलांना कंटाळा येत नाही, आणि हवेच्या दाबाचा पाठ त्यात फुकट होतो.

शरीराची तयारी निराळी. रोज दोन-तीन किलोमीटर चालवणारा मनुष्य एकदम पंचवीस चालवू शकतो, पण दुसऱ्या दिवशी बसू शकत नाही. तीन आठवडे आधीपासून, आठवड्यातून तीनदा, आज पाच, मग आठ, मग बारा असे वाढवत न्यावे. कसोटी साधी आहे. चालवताना शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. ज्यांना छातीचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच निघावे आणि बरोबरच्या एकाला तरी तसे सांगून ठेवावे. लपवू नये. सहलीतल्या माणसाला काय होते आहे हे सोबत्याला ठाऊक असले तर मदत लवकर होते.

नागपूरचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेथे मे महिन्यात आठ वाजता घरात असले पाहिजे, मग पाच वाजता निघा की साडेचारला. डिसेंबरात उलट. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, त्याआधी अंधार आणि क्वचित धुके. त्या दिवसांत कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि त्यांच्या मागे दिवा असतोच असे नाही. म्हणून आपल्या सायकलीला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा, आणि कपडे फिक्या किंवा भडक रंगाचे. डोक्याला हेल्मेट घाला. सायकल हळू चालते म्हणून डोके वाचत नाही. उभ्या माणसाचे डोके नुसते जमिनीवर आपटले तरी पुरेसे असते. पायजम्याच्या उजव्या पायाला पट्टी बांधावी. ओढणी आणि पदर कमरेला खोचावा, नाहीतर चेन किंवा मागचे चाक तो ओढून घेते. कानांत गाणी लावू नका. घोळक्यात कान हे तिसरे आरसे असतात.

पाणी तहान लागण्यापूर्वी, दर पंधरा-वीस मिनिटांनी, दोन-दोन घोट. तासाभराहून जास्त वेळ लागणार असेल आणि ऊन असेल तर एका लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. विकतच्या रंगीत पाण्यापेक्षा ते काही कमी नाही. खिशात केळे, गूळ-शेंगदाणे, मोसमात एखादे संत्रे. निघण्यापूर्वी पोट तुडुंब भरू नये, अगदी रिकामेही ठेवू नये. आणि नागपूरकरांच्या सहलीचा शेवट तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे एवढेच म्हणणे की ती गाडी परतीच्या टोकाला असावी. अर्ध्या वाटेवर तर्री खाऊन पुढचे दहा किलोमीटर चालवणाऱ्याची मुद्रा पाहण्यासारखी होते.

वाट ठरवणाऱ्याने ती आदल्या आठवड्यात स्वतः सायकलीवरून पाहून यावी. मोटारीतून पाहिलेली वाट खरी नव्हे, मोटारीला खड्डे दिसत नाहीत आणि चढ कळत नाही. हमरस्ता जमेल तितका टाळावा. वर्धा मार्गावर ट्रक जवळून गेला की हवेचा आधी धक्का बसतो आणि मग ओढ लागते. नवखा त्यात डगमगतो. बेसा-बेलतरोडीच्या आतल्या रस्त्यांवर हा त्रास कमी, कुत्र्यांचा मात्र जास्त. कुत्रा अंगावर आला तर लाथ मारू नये. वेग कमी करावा, जमल्यास उतरून सायकल मध्ये धरावी. पळणाऱ्या चाकाचा त्याला राग येतो, उभ्या माणसाचा तितका येत नाही. कोणी उत्साही म्हणेल की शिवमडक्याहून सुरू होणारा समृद्धी महामार्ग जवळच आहे, रस्ता कसा आरशासारखा! तेथे मोटारसायकलीलाही प्रवेश नाही, मग सायकलीला कोठून असणार?

जमण्याची वेळ आणि निघण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा सांगाव्यात, मध्ये वीस मिनिटांचे अंतर ठेवून. त्या वीस मिनिटांत माणसे मोजावीत, नव्यांची नावे विचारावीत, त्यांच्या सायकलींवर नजर टाकावी आणि वाट तोंडी समजावून सांगावी. प्रत्येकाच्या खिशात एका चिठ्ठीवर नाव, घरच्यांचा फोन आणि रक्तगट असू द्या. मोबाइल असतो हे खरे, पण अपघातात तो फुटतो किंवा कुलूपबंद असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे आकडे पाठ असावेत.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर. ताशी १८ किलोमीटर हा काही फार वेग नव्हे. पण हिशेब करा, ते सेकंदाला पाच मीटर होतात. पुढचा थांबला हे डोळ्यांनी पाहून बोटांनी ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच तुम्ही पाच मीटर पुढे आलेले असता. म्हणून नवख्याने पुढच्यापासून दोन-तीन सायकलींइतके अंतर ठेवावे. त्याहून महत्त्वाचे असे की आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही शिरू देऊ नये. पुढचा खड्डा चुकवायला किंचित सरकला की त्याचे चाक तुमच्या चाकाला घासते. त्याला काही होत नाही. तुमचे मात्र हँडल अडकते, आणि ज्याचे हँडल अडकले तो तोल सावरू शकत नाही, कारण सायकलीचा तोल हँडलच्या बारीक-बारीक हालचालींनीच सांभाळला जातो. घोळक्यातल्या पडण्यांचे हे मोठे कारण आहे.

बोलणे आणि हात ही मागच्यांची नजर होय. पुढच्याने खड्डा पाहिला तर त्या बाजूला हात खाली करून दाखवायचे आणि ओरडायचे, "खड्डा डावीकडे!" थांबायचे असेल तर आधी "थांबतो!" आणि मग ब्रेक. मागून ट्रक आला तर पिछाडीवरून हाक, "मागून गाडी!" आणि सगळ्यांनी एकामागे एक व्हायचे. ही हाक प्रत्येकाने पुढे पोचवली पाहिजे, एकाने गिळली की साखळी तुटते. जोडीने बोलत चालवण्याचा मोह आवरत नाही हे मला कबूल आहे, सहलीची अर्धी गोडी त्यातच आहे. पण ते रिकाम्या रस्त्यावर. तीन जण शेजारी-शेजारी मात्र कोठेही नकोत. थांबताना सगळ्यांनी डांबर सोडून खाली उतरायचे, मग गप्पा.

यानंतरची गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. दुर्बल माणसाला कोठे ठेवावे? आपण स्वाभाविकपणे म्हणतो, "तुम्ही मागून सावकाश या." हेच चूक. कसे ते पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. ताशी वीसच्या पुढे सपाट रस्त्यावर बहुतेक श्रम हवा फोडण्यातच जातात, आणि समोरून वारा असेल तर त्याहून कमी वेगातही. पुढे कोणी असला की मागच्याला ती हवा थोडी फोडलेली मिळते. मागे एकटा पडलेल्याला हा आडोसा नाही. जो सर्वांत थकलेला, त्यालाच सर्वांत जास्त श्रम! शिवाय घोळका हा रबरासारखा असतो. पुढच्याने वळणावर जरा वेग कमी करून पुन्हा वाढवला की तो झटका मागे जाताजाता मोठा होतो. पुढच्याला कळतही नाही, आणि शेवटच्याला मात्र दर वळणानंतर धावत सुटावे लागते. म्हणून दुर्बलाची जागा शेवटी नसून म्होरक्याच्या पाठीमागे, दुसरी. तेथे वारा कमी, झटके नाहीत, आणि म्होरक्याला त्याचा श्वास ऐकू येतो. श्वास वाढला की चाल कमी करायची. शेवटी ठेवायचा तो सर्वांत तगडा आणि ज्याला पंक्चर काढता येते असा गडी. त्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम.

थांब्यांचेही असेच आहे. पुढचे लोक झाडाखाली पोचतात, पाणी पितात, दहा मिनिटे बसतात. शेवटचा घामाघूम होऊन येतो, आणि तो आला की सगळे म्हणतात, "चला, आले सगळे, निघू या." म्हणजे तगड्यांना दहा मिनिटे विश्रांती आणि थकलेल्याला शून्य. पुढच्या टप्प्यात तो आणखी मागे पडतो. थांब्याचे घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करावे.

माझ्या ओळखीचे एक प्राथमिक शिक्षक आहेत, पन्नाशीचे. पंचवीस वर्षे रोज सायकलीने शाळेत गेलेले. उत्साहाने एका मेळ्याबरोबर निघाले. पंधराव्या किलोमीटरवर चेन उतरली. ती बसवून वर पाहतात तो पुढे कोणी नाही. परतताना वारा समोरून. घरी पोचायला दुपार झाली, आणि गटातल्या कोणाचा साधा फोनही आला नाही. "गुरुजी, पुन्हा कधी येणार?" असे विचारले तर ते नुसते हसतात. त्यांची सायकल आता मुलगा चालवतो. अशी माणसे भांडत नाहीत, तक्रार करीत नाहीत, फक्त पुन्हा येत नाहीत, आणि मग मेळ्यात उरतात ते पंचविशीतले सात-आठ तगडे गडी.

शिक्षक-शिक्षिकांना एक विनंती आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली मिळतात. त्यांतल्या कितीतरी हवा नसल्याने ओसरीत उभ्या दिसतात. अशा मुलींची एक लहानशी सहल काढून पाहा. पाच-सहा किलोमीटरवरचे तळे, एखादे देऊळ, जवळचा बंधारा. दूर जाण्याची हौस असेल आणि थोरांची सोबत असेल तर नागपूर-वर्ध्याकडच्यांना पवनार आणि सेवाग्राम आहेच, पण ते मुक्कामाचे काम. लहान सहलीत दहा मुलींमागे दोन मोठी माणसे असावीत, एक पुढे, एक मागे, आणि त्यांत एक बाई असावीच. पालकांची चिठ्ठी घ्या. डबलसीट कोणालाही बसवू नका. महत्त्वाचे असे की, आदल्या शनिवारी प्रत्येकीने स्वतःची सायकल स्वतः तपासावी आणि एकीने तरी सर्वांसमोर पंक्चर काढून दाखवावे. जिला पंक्चर काढता येते तिच्या घरचे तिला एकटीने शाळेत धाडायला कमी कचरतात, असा माझा अनुभव आहे.

परतीच्या वाटेवर माणसे फुटतात. कोणाचे घर अलीकडे, कोणाला भाजी घ्यायची असते. ज्याला मध्येच वळायचे त्याने म्होरक्याला किंवा पिछाडीच्या गड्याला सांगून वळावे, नाहीतर पिछाडीचा बिचारा नसलेल्या माणसाची वाट पाहत उभा राहतो. पुन्हा जमण्याच्या जागी आल्यावर माणसे मोजा. दुपारपर्यंत सर्वांनी पोचल्याचा निरोप द्यावा, आणि ज्याचा आला नाही त्याला म्होरक्याने स्वतः फोन करावा. मग सायकल आत घेण्यापूर्वी दोन्ही टायरांवरून नजर फिरवा. काचेचा कण किंवा काट्याचे टोक रबरात रुतलेले असते. आत ट्यूबपर्यंत पोचायला त्याला आणखी दोन दिवस लागतात. ते आजच चिमट्याने काढून टाका.